खालून उघडणाऱ्या पेट्या

"ओ हेल्मेटवाले भाऊ! अरे थांबा ना जी! तुमची मिल सांडून राहिली!"

बसच्या दारात एक पाय आत आणि दुसरा जवळजवळ छत्तीसगडात, असा लोंबकळून कंडक्टर ओरडत होता. कोहमाऱ्यापासून आमच्या मागे लागलेली देवरीची बस आता अगदी बाजूला आली होती. मला वाटलं, माणूस खूश झालाय. का होणार नाही? माझ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या नव्याकोऱ्या पेट्या होत्या आणि मे महिन्यातल्या सकाळच्या उन्हात त्या इतक्या चमकत होत्या की समोरून येणारे ट्रकवाले दिवसाढवळ्या डिपर मारत होते. मी मंत्र्यासारखा हात हलवला.

मागे मिस्त्री बसला होता. या पेट्या त्याच्याच हातच्या. कुठे खडखड वाजते ते ऐकायला तो मुद्दाम आला होता. त्याने माझ्या हेल्मेटवर टकटक केलं.

"सर, तो कायतरी म्हणून राहिला."

"तारीफ करून राहिला, मिस्त्री. घ्या, तुमचीच होय."

"तारीफ नाई जी!" कंडक्टरचा आवाज आता फाटला होता. "तांदूळ! मांगं पाहा, तांदूळ!"

मी गाडी बाजूला घेतली आणि मागे पाहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. वीस वर्षांत फळ्यावर पट्टी धरूनही इतकी सरळ रेघ मला कधी ओढता आली नव्हती. काळ्या डांबरावर बोटभर रुंदीची पांढरीशुभ्र रेघ निघाली होती आणि ती थेट मागच्या वळणापर्यंत जाऊन झाडात दिसेनाशी होत होती. तिच्यावर पारवे उतरले होते. साळुंक्या होत्या. कुठल्याशा वस्तीवरची कोंबडी आपलं सगळं खानदान घेऊन जेवायला बसली होती. दोन बकऱ्या तर रेघ चाटत चाटत इतक्या शिस्तीत आमच्याकडे येत होत्या की जणू त्यांनी देवरीचं तिकीट काढलं होतं.

मी हसलो असतो. दुसऱ्या कोणाचा तांदूळ असता तर रस्त्यात लोळून हसलो असतो. पण तो तांदूळ माझ्या आईचा होता, आणि मी तो तिला न विचारता आणला होता.

आता हे सगळं मुळापासून सांगतो.

त्या आधीच्या वर्षी मी नागपूरच्या एका दातांच्या डॉक्टरकडून लांब पल्ल्याची मोटरसायकल घेतली होती. दगड, माती, नाला, डोंगर, काहीही समोर आलं तरी चालणारी. डॉक्टरने ती लेहला जायला घेतली होती आणि शेजारच्या बुटीबोरीपर्यंत जाऊन आला होता. तिची सीट इतकी उंच की बसल्या बसल्या गोंदिया स्टेशनचं घड्याळ रुमालाने पुसता यावं. तिचा आवाज असा की गोंदियाजवळ मुर्रीत आमच्या घरासमोर चालू केली तर इटियाडोह धरणाच्या पाण्यावर तरंग उठत. गाडी घरी आली त्या दिवशीच मी ठरवलं, येत्या उन्हाळी सुट्टीत लेह.

जेवताना घोषणा केली. बायको भाजी वाढता वाढता म्हणाली, "जा." इतक्या सहज म्हणाली की मला जरा वाईटच वाटलं. आई मात्र हातातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"लेह म्हंजे ते भंतेजी सांगत होते तेच ना?"

तेच होतं. मागच्या पावसाळ्यात वर्षावासाला आमच्या विहारात एक भंतेजी येऊन राहिले होते. कितीतरी वर्षं ते लडाखात काढून आले होते. एका संध्याकाळी बोलता बोलता त्यांनी सांगितलं, तिकडे सातू पिकतो, तांदूळ पिकत नाही. खालून ट्रकमधून येतो. जुना, कधी ओला, अर्धा तुटलेला. मठातले भिक्खू तोच शिजवतात आणि आनंदाने खातात. बाकीच्यांनी हे ऐकलं आणि घरी गेले. माझ्या आईच्या मनात ते रुतून बसलं. तिने आयुष्यातली तीस वर्षं राइस मिलच्या अंगणात तांदूळ पाखडण्यात घालवली होती. तुटलेला तांदूळ म्हणजे कनकी, आणि कनकी ती मुठीच्या वजनावरून ओळखायची. चांगला दाणा कसा असतो ते तिला जितकं कळत होतं तितकं मला माझं विज्ञान कळत नव्हतं. आणि एवढ्या दूरवर बुद्धाचं नाव घेणारी माणसं कनकी खातात, हे तिला खपत नव्हतं.

"मंग माहा तांदूळ घेऊन जाजो," ती म्हणाली.

"किती?"

"दहा किलो."

"आई, मोटरसायकल आहे. ट्रक नाही."

"मंग जाऊन कायले राहिला?"

आमची मुर्रीमागे दोन एकर जमीन आहे, तिच्या एका बांधीत, म्हणजे खाचरात, ती दरवर्षी चिन्नोर लावते. बारीक, सुवासिक दाणा. शिजायला लागला की शेजारच्यांनाही भूक लागते. त्या वर्षी तो कमीच झाला होता. घरच्यांच्या तोंडचा बाजूला काढून तिने दहा किलो मोजले आणि पंधरा दिवस उन्हात बसून एकेक दाणा निवडला. डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई! मी म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, "तुटका दाना दान देत नाई मी. जाईन तं पुरा जाईन." गुडघ्यांमुळे तिला स्वतःला विहारापर्यंत जाणंही कष्टाचं होतं. लेहला तिच्या वतीने तो तांदूळ जाणार होता. तो पोचणार की नाही, आणि अख्खा पोचणार की नाही, एवढीच तिची काळजी होती. माझ्या हाडांबद्दल तिने एक प्रश्न विचारला नाही.

तर असा पेट्यांचा प्रश्न उभा राहिला. कापडी बॅगा मी पहिल्याच दिवशी बाद केल्या. त्यात पाऊस शिरतो, धूळ शिरते आणि आमच्याकडे उंदीरही शिरतो. पेटी टणकच हवी. मग मी अभ्यास सुरू केला. शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर मोटरसायकलवाल्यांची भांडणं वाचायचो. बापरे! निवडणुकीत नसतील इतके दोन कट्टर पक्ष. एक प्लास्टिकवाल्यांचा. हलकं असतं, पडलं तरी पुन्हा आकारात येतं. दुसरा ॲल्युमिनियमवाल्यांचा. ते म्हणायचे, प्लास्टिक गाडीला जिथे अडकवतात तिथेच तुटतं, आणि एकदा तुटलं की डोंगरात बसून रडा. ॲल्युमिनियम वाकेल, पण दगडाने ठोकून सरळ करता येतं. लोखंडाचाही एक पक्ष होता, पण त्यांचे सगळे उमेदवार पाठदुखीने घरी पडून होते.

मी नागपूरला दुकानात गेलो. टाय लावलेल्या मुलाने प्लास्टिकची पेटी काउंटरवरून खाली टाकून दाखवली, तिच्यावर पाणी ओतलं, तिला लाथ मारली. मी विचारलं, "यात तांदूळ तुटेल का?"

तो थांबला. "सर, लोक यात कॅमेरा ठेवतात."

"कॅमेरा तुटला तर दुसरा मिळते."

बिचारा आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालकाने मला परदेशी ॲल्युमिनियमच्या पेट्या दाखवल्या. सुंदर! किंमत ऐकून मी विचारलं, यासोबत मोटरसायकल पण येते का? मग मी चहा पिऊन गोंदियाला परत आलो आणि सरळ मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान मुर्रीच्या रस्त्यावर आहे. आमच्या भागातल्या अर्ध्या राइस मिलच्या धान साठवायच्या टाक्या, चाळण्या, वर माल चढवायचे पट्टे, सगळं त्याच्या हातचं. त्याच्या टाकीला कधी चीर गेल्याचं कोणी ऐकलं नाही. एका मिलची इमारत वादळात पडली, टाकी तशीच उभी राहिली आणि मालकाने टाकीभोवती नवी मिल बांधली, असं सांगतात. मीच सांगतो.

मी त्याला मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने मोबाइल उलटा धरला, मग सरळ धरला.

"दोन एमएमचा पत्रा. कोपरे वाकवून, मंग वेल्डिंग. आर्गनचं. माहा साळा करते. झाकनाले रबर. कड्या ट्रकच्या मांगच्या डाल्याच्या लावू, तुटनार नाई. झालं."

"मिस्त्री, रुंदीचं ध्यान ठेवा. पेट्या हँडलच्या बाहेर गेल्या नाही पाहिजेत. जाणकारांचा नियम आहे."

"गेल्या तं हँडल वाढवू."

असा आत्मविश्वास! मी तर हवेत होतो. रोज शाळा सुटली की थेट दुकानात. गाडीच्या सांगाड्याला पाइपची चौकट बसली, तीन तीन ठिकाणी बोल्ट. पेट्या तिच्यावर चढल्या. मिस्त्रीने चौकटीला धरून अख्खी मोटरसायकल हलवून दाखवली, पेटी तसूभर हलली नाही. दुकानासमोर रोज माणसं जमायला लागली. एकाने विचारलं, "सर, आइसक्रीमची गाडी टाकून राहिले काय?" मी मनावर घेतलं नाही.

आणि मग मला तळ दिसला. पेटीचा तळ मधोमध जरासा उतरता होता आणि त्या उतारावर तळहाताएवढा एक सरकता पत्रा.

"हे काय?"

"गेट."

"कशाला?"

पाचाचा पाढा न येणाऱ्या पोराकडे मी जसा पाहतो, तसा तो माझ्याकडे पाहत होता. "सर, माल काढान कसा?"

आता जगातल्या कोणत्याही गावचा माणूस म्हणाला असता, बाबा रे, झाकण उघडीन आणि काढीन. पण मी गोंदियाचा. आमच्याकडे धान वरून पडते आणि खालून निघते. टाकी असो, चाळणी असो, मशीन असो, वरून भरा, खालचं गेट ओढा. लहानपणापासून हेच पाहिलेलं. तळाला गेट नसलेली टाकी म्हणजे आमच्या दृष्टीने अर्धवट काम. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. लेहचा मठ, गोळा झालेले भिक्खू, खाली परात, आणि मी एका बोटाने पत्रा सरकवतो आणि आईचा चिन्नोर धबधब्यासारखा परातीत!

"वा मिस्त्री!" मी ओरडलो. "साऱ्या जगात कोणाच्या पेटीला असं नसेल!"

हे खरंच होतं. कोणाच्याही पेटीला नव्हतं.

चाचणी घ्यायची ठरली. मिस्त्री म्हणाला, तांदूळ थैलीत नको, सुटा टाका, नाहीतर परीक्षा थैलीचीच होईल. आणि तांदूळ दुसरा नको, तोच टाका. जाडा दाणा सहज तुटत नाही, चिन्नोर तुटतो. विज्ञानाच्या शिक्षकाला हा मुद्दा पटलाच पाहिजे, पटला. आई सकाळी विहारात गेली होती. मी तिचे दोन्ही डबे उचलले, पाच किलो डाव्या पेटीत, पाच किलो उजव्या पेटीत, दुपारपर्यंत जागच्या जागी आणून ठेवू, तिला काय कळते, असं म्हणत निघालो. रस्ता मिस्त्रीनेच निवडला. कोहमाऱ्यापासून देवरीकडे तेव्हा हायवेचं काम चालू होतं, मैलामैलावर खोदून ठेवलेलं. "इथं टिकली तं लेहले टिकली," तो म्हणाला.

आणि आता आपण पुन्हा कंडक्टरपाशी आलो.

मिस्त्री उतरला आणि डाव्या पेटीखाली डोकं घालून बसला. गेट दोन बोटं उघडं होतं. धक्क्याधक्क्याने सरकत गेलेलं. मग उभा राहिला, चेहरा असा की त्यालाच कोणीतरी वेल्ड केलंय.

"मिलमधे वरती वीस क्विंटल माल असते, सर. त्या दाबानं गेट जागचं हालत नाई. म्हनून त्याले कडी नसते." त्याने वाकून गेट एका बोटाने सरकवून दाखवलं. "पाच किलोत दाब नाई भेटला त्याले."

मग तो हेल्मेट काढून पांढऱ्या रेघेवरून उलटा पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, पण काय पळाला! बकऱ्यांना ओलांडून, कोंबडीला वळसा घालून, ओंजळी भरत हेल्मेटमध्ये टाकत. परत आला तेव्हा हेल्मेटमध्ये अर्धा किलो तांदूळ, तेवढीच गिट्टी, एक जिवंत किडा आणि बसचं एक तिकीट होतं. कंडक्टरने बस थांबवली होती आणि अख्खी बस खिडक्यांतून सल्ले देत होती. झाडू आणा. कुंचा आणा. गाडी मागे मागे घ्या, तांदूळ आपोआप परत चढेल. एक म्हातारी खाली उतरली, तिने चिमूटभर उचलून नाकाशी नेला.

"चिन्नोर होय हा," ती म्हणाली. "कायले सांडता बाप्पा?"

तिच्यानंतर कोणी हसलं नाही. कंडक्टरने घंटी मारली आणि बस गेली.

उजव्या पेटीचं गेट अजून सरकलं नव्हतं, ते दोरीने बांधून आम्ही परत फिरलो. मी मिस्त्रीला दुकानावर सोडलं, डाव्या उजव्या दोन्ही पेट्या रिकाम्या करून तिथेच उतरवल्या आणि बाजारात गेलो. सगळ्यात महाग चिन्नोर पाच किलो विकत घेतला, एका डब्यात तो, दुसऱ्या डब्यात उजव्या पेटीतला आईचा. दोन्ही डबे जागेवर. दाणा सारखा, रंग सारखा, वास सारखा. देवही फसला असता, पण आमच्या घरी देव नाहीत, आई आहे.

संध्याकाळी तिने डबा उघडला. मूठभर तांदूळ तळहातावर पसरला. एक दाणा दाताखाली धरला.

"बाबू, हा कोनाचा होय?"

"आपलाच, आई."

"आपला नोय. हा दुसऱ्या पान्याचा होय."

मग मी सुरू झालो. देवरीच्या जंगलात कसं समोर अचानक अस्वल आलं, दोन पायांवर उभं, उंची आपल्या दारापेक्षा हातभर जास्त, आणि त्याला तांदळाचा वास कसा...

"अस्वल राहू दे बाजूले," आई म्हणाली. "माहा तांदूळ कुठं हाय?"

सांगितलं. सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्या मुर्रीत ओरडण्याला कोणी घाबरत नाही, ओरडून झालं की जेवण मिळतं. तिने विकतचा तांदूळ उचलून बायकोच्या हाती दिला, घरात वापरायला. आपला डबा झाकला.

"राहू दे. नको नेऊ."

"आई, पाच किलो तर आहे ना अजून."

"तोही रस्त्यानंच जाईन. त्या भिक्खूयच्या नशिबी टरकातलाच लिहिला हाय तं मी काय करू?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतल्या एका सहकाऱ्याची प्लास्टिकची पेटी मागून आणली आणि तिच्या नजरेसमोर ठेवली. तिने तिच्यावर वाळत घालायचे कपडे ठेवले. निघायला आठ दिवस राहिले होते आणि बोलण्याच्या बाबतीत कधी न अडलेला मी, आईसमोर गेलो की पाणी मागून परत यायचो. मनाशी ठरवलं, तांदूळ जाणार नसेल तर मीही जात नाही. एवढ्या उंच गाडीवर बसून हात हलवत रिकामा कुठे जाणार?

रविवारी सकाळी अंगणात मिस्त्री उभा. दोन्ही खांद्यांवर दोन पेट्या. त्याने त्या खाली ठेवल्या, चपला काढल्या.

"माय, गलती माही होय. सरायची नाई."

आईने पेटी उलटी केली. गेट अंगठ्याने मागे पुढे सरकवून पाहिलं.

"हे तं मिलचं गेट होय."

"हाव, माय."

"आमच्या मिलले असंच होतं. हा मिल घेऊन जाऊन राहिला काय लेहले?"

"नाई, माय."

आणि ती हसली! चार दिवसांनी हसली आणि मला अंगणात नाचावंसं वाटलं. मिस्त्री हसावं की नाही या विचारात तसाच उभा. मग आईने जे केलं ते मोबाइलवरच्या दोन्ही पक्षांतल्या एकाही पंडिताने केलेलं मी वाचलं नव्हतं. प्लास्टिकच्या पेटीवरचे कपडे उचलले आणि ती सरळ तिच्यावर बसली. झाकण करकरलं आणि पोटात गेलं. ती उठली. मग मिस्त्रीच्या पेटीवर बसली. दोन्ही पाय उचलून, सगळं वजन टाकून, मिलमध्ये पोत्यांच्या थप्पीवर बसायची तशी. पेटी हूं का चूं नाही. बसल्या बसल्याच तिने बायकोकडे चहा मागितला.

"हेच न्या," चहा संपल्यावर ती म्हणाली. "गेट बंद कर."

"आत्ता करतो, माय."

"थांब. आत किती जागा हाय पाहू." तिने आपला डबा आणायला लावला, पाच किलो पेटीत ओतला, झाकण लावून पेटीला कान लावला आणि ती हलवली. "ऐक. नाचून राहिला. दाना धक्क्यानं नाई तुटत, रिकाम्या जागेनं तुटते. उडते आन् आपटते. पोतं गच्च शिवतो ते कायले?"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. मग तो तांदूळ तिने सुपात घेतला. माझ्या सहलीने त्यात काय नुकसान केलं ते पाहायला तासभर पाखडलं. आम्ही दोघं परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे पायरीवर.

"तीन," ती शेवटी म्हणाली आणि तीन तुकडे माझ्या हातावर ठेवले.

त्या आठवड्यात मिस्त्रीने दोन्ही गेट वेल्ड करून अशी घासली की बोटाला जोड लागत नव्हता. पेटीच्या आत एक पत्रा बसवला, स्क्रू फिरवला की तो वरून खाली दाबत जाई. आईने जुन्या सुती लुगड्याच्या पाच छोट्या थैल्या शिवल्या. किलो किलो भरून, तोंड शिवून, तिने स्वतः त्या पेटीत एकीला एक चिकटवून रचल्या. मिस्त्री स्क्रू आवळायचा, ती कान लावायची. "अजून. अजून. बस." दुसऱ्या पेटीत वजन सारखं व्हावं म्हणून माझे पाने, ट्यूब, कपडे. त्यांना कोणी कान लावला नाही.

आता प्रवास. त्याच्यावर मी बोलायला लागलो तर तुमची पोरं शाळा संपवून नोकरीला लागतील. जबलपूरच्या पुढे ऊन असं की टाकीवर पोळी भाजावी. जम्मूनंतर थंडी अशी की माझा श्वास बर्फ होऊन समोर पडायचा आणि मी त्याला चुकवून गाडी काढायचो. पण झोजी लाचं ऐकाच. बर्फ वितळून रस्त्याचा नुसता चिखल, एका बाजूला ट्रकची रांग, दुसऱ्या बाजूला दरी. पुढचं चाक सरकलं आणि अडीचशे किलोची गाडी उजव्या अंगावर आडवी. उजव्या! तांदळाच्या! माझा गुडघा खाली होता, तो मला नंतर आठवला. मागचा सरदारजी ड्रायव्हर उतरून धावत आला, "पैर देखो, पैर!" मी ओरडलो, "पेटी देखो!" त्याला वाटलं पेटीत सोनं आहे. दोघांनी गाडी उभी केली. पेटीचा एक कोपरा आत गेला होता. सरदारजीने जॅकच्या दांड्याने दोन ठोके घातले, कोपरा बाहेर. झाकण उघडलं. बाहेर गुडघाभर चिखल आणि आत लुगड्याचं कापड कोरडं ठणठणीत! मी तिथेच, त्या दरीच्या काठावर, सरदारजीला मिठी मारली. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, मला ते बँड वाटले.

लेहच्या मठाच्या स्वयंपाकघरात एक जाडजूड भिक्खू मोठा डाव घेऊन उभे होते. मी पाचही थैल्यांची शिवण उसवून तांदूळ परातीत ओतला आणि गुडघे टेकून, माझ्या आईचा मुलगा होऊन, निवडायला बसलो. एक तुकडा सापडला नाही. या सगळ्या लिखाणात हे एक वाक्य तरी खरं माना. भिक्खूंनी मूठभर उचलून वास घेतला, दोघा तिघांना हाक मारली, त्यांनीही घेतला. त्याच दिवशी तो त्यांनी कुकरला लावला आणि शिजायला लागल्यावर तो वास त्या थंड दगडी खोल्यांमधून असा फिरला की वरच्या मजल्यावरून चपलांचे आवाज यायला लागले. मी सगळ्यांच्या पंगतीत बसून खाल्ला. कोणी एक शीत टाकलं नाही.

तिथे माझा मोबाइल चालत नव्हता. बाजारात फोनच्या बूथवर गेलो, मुर्रीला लावला. बायकोने आईला दिला. आणि मी सुटलो! झोजी ला सांगितला, बर्फाच्या भिंती सांगितल्या, घरावर घर ठेवलं तरी पुरणार नाही इतक्या उंच. गाडी कशी पडली, सरदारजीने कसा कोपरा काढला, दोन एमएमचा पत्रा कसा पहाडाशी भिडला, ट्रकच्या कड्या, झाकणाचं रबर, आतला दाबाचा पत्रा. मिस्त्रीचा पुतळा गोंदियाच्या चौकात उभारला पाहिजे असं म्हणालो. जगातली सगळ्यात मजबूत पेटी मुर्रीत बनते, आई, एक दाणा तुटला नाही, एक! बारा हजार फुटांवर माणसाला एवढं बोलता येत नाही, माझा श्वास संपला आणि मी बूथच्या काचेला टेकून तिच्या बोलण्याची वाट पाहत राहिलो.

"तांदूळ चांगला होता," आई म्हणाली.